नटबोल्टांची नावं लिहून काढताना

१८ जून २०२४, मंगळवार. दुपारी दीडच्या सुमारास आमच्या एका जुन्या कंत्राटदार गिऱ्हाइकांचा फोन आला. "वहिनी, मे महिन्याचं तुमचं बिल माझ्या टू-बीत दिसत नाही. ११,३४० रुपयांचं क्रेडिट अडकलंय. ते दिसेपर्यंत पुढचं पेमेंट थांबवतोय, राग मानू नका." मी "बघते" म्हणून फोन ठेवला. टू-बी म्हणजे काय, हेच मला माहीत नव्हतं.

पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या तोंडाशी आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आण्णांनी, उभं केलेलं. खिळे, स्क्रू, नटबोल्ट, बिजागऱ्या, कड्याकोयंडे, कुलपं. हे चाकणला कंपनीत आहेत, त्यांच्या पाळ्या असतात. आण्णांच्या डोळ्यांना कमी दिसायला लागल्यापासून, म्हणजे २०१९ पासून, गल्ल्यावर मी बसते. बिलं हाताने लिहायची, महिन्याच्या शेवटी बिलबुकं पिशवीत घालून हिशेबनिसांकडे पोचवायची. पुढे त्या बिलांचं काय होतं, ते मी कधी विचारलं नव्हतं.

त्या संध्याकाळी विचारलं. समजलं ते असं. आपण महिन्याची विक्री पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ या विवरणपत्रात भरतो. १४ तारखेला त्यावरून खरेदीदाराचा तक्ता आपोआप तयार होतो, तो टू-बी. आपण त्यांच्या नावावर बिल चढवलं नसेल, तर त्यांनी आपल्याला दिलेला कर त्यांना वळता करून घेता येत नाही. आमच्या बिलावर त्यांचा जीएसटी क्रमांक लिहिताना माझ्याकडून एक अक्षर चुकलं होतं. पंधरा अक्षरांच्या त्या क्रमांकातलं शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं, त्यामुळे चुकलेला क्रमांक पोर्टलने घेतलाच नाही. मग हिशेबनिसांनी मला न विचारता ते ७४,३४० रुपयांचं बिल बिगरनोंदणीकृत गिऱ्हाइकांच्या एकत्र रकमेत टाकून दिलं. कर सरकारजमा झाला, पण कुणाच्या नावावर नाही. पुढच्या महिन्याच्या विवरणपत्रात दुरुस्ती झाली आणि १४ जुलैला ते बिल त्यांच्या टू-बीत आलं. तोवरचे चार आठवडे आमचे पैसे अडकले. कुणाचाही क्रमांक बिलावर लिहिण्याआधी जीएसटीच्या पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेअर'मध्ये टाकून बघा. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, दुकानाचं नाव समोर येतं. मला हे पाच वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

रात्री जेवताना मी म्हटलं, मी कॉम्प्युटर शिकते. लेक म्हणाली, "आई, मी शिकवते ना." तिने दोन दिवस शिकवलंही. पण तिचं बोट माझ्यापेक्षा वेगात चालतं, आणि तिला जे आपोआप येतं ते सांगायला तिच्याकडे शब्द नाहीत. मी एमएस-सीआयटीला नाव घातलं.

एमएस-सीआयटी महाराष्ट्रात २००१ पासून चालू आहे. सरकारी नोकरीसाठी पोरं करतात तो कोर्स, एवढीच माझी समजूत होती. टिळक रोडच्या बाजूला एका केंद्रात सकाळी साडेसात ते साडेनऊची बॅच मिळाली. दुकान दहाला उघडायचं, त्यामुळे तीच जमणारी होती. फी दोन हप्त्यांत पाच हजारांच्या थोडी पुढे गेली, एकरकमी भरली असती तर थोडी कमी पडली असती. आधार कार्ड, फोटो आणि सही लागली. दोन्ही पालख्या २ जुलैला पुण्यातून पुढे निघाल्या आणि ३ जुलैला माझा पहिला वर्ग होता.

खोलीत वीस खुर्च्या. बहुतेक मुलं बारावी झालेली. मी शेहेचाळीस वर्षांची. शिकवणारी मुलगी चोवीस-पंचवीसची असेल, "काकू, राइट क्लिक करा" म्हणायची, आणि उजवं बटण कुठलं ते माझ्या लक्षात यायच्या आत बाकीचे पुढे गेलेले असायचे. पहिले आठ दिवस घरी येताना रोज वाटायचं, उद्या जाऊ नये. भीती एकच होती, आपण काहीतरी दाबू आणि सगळं बिघडेल. ती भीती गेली ती कंट्रोल-झेडने. दुकानात साखळी एकदा कापली की कापली, गिऱ्हाइकाने नको म्हटलं तर तो तुकडा आपल्याच गळ्यात. इथे चुकलं तर मागे जाता येतं. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला हवं होतं, म्हणून मी इथे सांगते आहे.

वर्ड, पॉवरपॉइंट, इंटरनेट हे सगळं झालं, त्याबद्दल फार लिहीत नाही. मराठी टायपिंग मात्र जरूर शिका. आमच्या दरपत्रकाची एक जुनी फाइल होती, पत्रक छापून देणाऱ्यांनी करून दिलेली. ती उघडली तर इंग्रजी अक्षरांची खिचडी. जुन्या फाँटमधलं मराठी तो फाँट नसलेल्या यंत्रावर असंच दिसतं. युनिकोडमध्ये टाईप केलेलं मोबाइलवर, ईमेलमध्ये, टॅलीत म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळीकडे मराठीच दिसतं. त्या एका फाइलपायी मी तीस पानं पुन्हा टाईप केली आणि त्यातच माझा हात बसला.

७ सप्टेंबरला गणपती बसले. विसर्जनापर्यंत पेठांतले रस्ते बंद-चालू होत राहिले. माझे चार वर्ग बुडाले, ते नंतर भरून घेता आले. परीक्षा सप्टेंबरच्या शेवटी झाली, संगणकावरच. पास झाले. प्रमाणपत्र पुढे यथावकाश आलं.

पण आता खरा प्रश्न उभा राहिला. मला वर्ड येत होतं, एक्सेलमध्ये बेरीज येत होती, आणि दुकानात मात्र काहीच बदललं नव्हतं. बिल अजून हातानेच लिहीत होते. म्हणून ऑक्टोबरमध्ये टॅलीच्या खासगी क्लासला गेले. तीन महिने, ७,५०० रुपये. तिथे एक काल्पनिक कंपनी असायची. तिने पंखे विकत घेतले, पंखे विकले, भाडं दिलं, पगार दिला. नोंदी मी भराभर करायचे आणि दुकानात आल्यावर पुन्हा कोरी. तिसऱ्या आठवड्यात धीर करून सरांना म्हटलं, "मी आमची बिलं आणू का?" ते म्हणाले, आणा. दुसऱ्या दिवशी सप्टेंबरचं बिलबुक घेऊन गेले.

पहिल्याच बिलावर लिहिलं होतं, 'कडी ६ — २ डझन, खिळे दीड — ३ किलो, बगळा — १०'. सरांनी विचारलं, "काकू, कडी म्हणजे कुठली? सहा म्हणजे इंच? लोखंडी की अ‍ॅल्युमिनियमची? आणि बगळा?" बगळा म्हणजे लांब मानेचा हूक. ते नाव आमच्या दुकानाबाहेर कुणालाच ठाऊक नाही, आण्णांनी ठेवलेलं. मला त्या दिवशी समजलं की कॉम्प्युटर येत नव्हता ही अडचणीची अर्धीच बाजू. आमचा माल कागदावर कधी आलाच नव्हता. तो आण्णांच्या डोक्यात होता, आणि माझ्या हातांना माहीत होता. जे लिहिलेलंच नाही, ते टॅलीत कुठून भरणार?

म्हणून माझा एक सल्ला आहे आणि तो मी फार आग्रहाने देते. कुठलाही क्लास लावा, पण पहिल्या आठवड्यापासून आपली बिलं, आपल्या मालाच्या पाच-पन्नास वस्तूंची यादी घेऊन बसा. शिकवणारे नाही म्हणाले तर दुसरा क्लास बघा. काल्पनिक कंपनीच्या पंख्यांवर शिकलेलं आपल्या गल्ल्यापर्यंत पोचत नाही.

सरावासाठी टॅलीचं शैक्षणिक रूप फुकट चालतं, पण त्यात महिन्याची पहिली, दुसरी आणि शेवटची एवढ्याच तारखा घेतल्या जातात. शिकायला ते पुरतं, धंद्याला नाही. मी आधी तीन महिन्यांचा भाड्याचा परवाना घेतला, अडीच हजारांच्या आत मिळाला. कायमचा परवाना एकदम घ्यायची घाई करू नका.

याच दरम्यान दुकानासाठी एक जुना डेस्कटॉप घेतला. १४,५०० रुपये, यूपीएसचे २,७०० वेगळे. घेताना एक विचारायचं राहिलं, ते तुम्ही विचारा. त्यावर विंडोज ११ चालेल का? विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि स्वस्तातली बरीच जुनी यंत्रं ११ घेत नाहीत. आमचं घेत नाही.

१ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. आण्णांनी दरवर्षीप्रमाणे वही मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाले, "तुझी ती छोटी काडी आण." मी पेन ड्राइव्ह आणून दिला. त्यांनी तो वहीच्या शेजारी ठेवला. त्यात तेव्हा जेमतेम साठ वस्तू होत्या.

नोव्हेंबरमध्ये बँकेत कॅश क्रेडिटची, म्हणजे धंद्यासाठी उचल घेण्याच्या खात्याची, मर्यादा वाढवून मागितली, तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, आणा म्हणाले. रात्री मोबाइलवर शोधलं. पहिल्यांदा जी साइट वर आली, तिने सगळी माहिती भरून घेतली आणि शेवटी २,४९९ रुपये मागितले. मी पैसे भरायच्या बेतात होते. लेकीने पत्ता वाचला आणि थांबवलं. उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही, कागदही चढवावे लागत नाहीत. सरकारी पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट इन'ने होतो, तो बघा. बाकीच्या साइट दिसायला हुबेहूब सरकारी, पण दलालांच्या.

खऱ्या साइटवर गेलो तर दुसरी अडचण. दुकान आण्णांच्या नावावर, म्हणून ओटीपी त्यांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर जाणार, आणि तो क्रमांक आम्ही कधीच बंद केलेला. मोबाइल क्रमांक तेव्हा ऑनलाइन बदलता येत नव्हता, म्हणून आधार केंद्र गाठायचं ठरवलं. आण्णांना रिक्षाने घेऊन गेले. रांगेत अडीच तास, फी तेव्हा ५० रुपये, अंगठ्याचे ठसे चौथ्या वेळी उमटले. सगळं आयुष्य लोखंड हाताळलेल्या माणसाचे ठसे पुसट झालेले असतात. तिथल्या मुलाने न कंटाळता ओला रुमाल दिला, बोटं पुसून पुन्हा घेतले. आठवड्याभराने नवा क्रमांक लागला, आणि उद्यमचं काम अर्ध्या तासात झालं. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांच्या नावावर धंदा असेल, तर बाकी काही करण्याआधी त्यांचा आधारचा मोबाइल क्रमांक तपासा.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण मलाही आधी चुकीचं सांगण्यात आलं होतं. व्यापाऱ्यांना २ जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते, पण तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच आहे. ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं जे संरक्षण लहान कारखानदारांना आणि सेवा देणाऱ्यांना आहे, ते नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना नाही.

डिसेंबरात एक फोन आला. हिंदीत बोलणारा माणूस, देहूरोडच्या लष्करी छावणीतून बोलतोय म्हणाला. चाळीस कुलपांची ऑर्डर, पैसे आगाऊ देतो, फक्त मी पाठवलेला क्यूआर स्कॅन करून पिन टाका. एमएस-सीआयटीच्या वर्गात हे शिकवलं होतं, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. मी फोन ठेवला. शेजारच्या दुकानदारांनाही सांगितलं. असं कुणाच्या बाबतीत घडलंच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, जितका उशीर तितका पैसा हातातून जातो.

जानेवारीपासून रविवार यादीसाठी ठेवले. दुकान बंद, शटर अर्धं खाली, आण्णा स्टुलावर आणि मी डेस्कटॉपसमोर. मदतनीस काका एकेक खोका काढून त्यांच्या हातात द्यायचे. आण्णा डब्यातला बोल्ट बोटांत फिरवायचे आणि डोळे मिटूनच सांगायचे, "पाव इंची, दीड लांबी, षटकोनी माथा." मी लिहायचे. चहा व्हायचा.

नावांचा नियम आम्ही बसवला तो असा: आधी वस्तू, मग माप, मग धातू किंवा पॉलिश, शेवटी कंपनी. 'बिजागरी ४ इंची पितळी', 'बिजागरी ४ इंची स्टील'. म्हणजे यादीत सगळ्या बिजागऱ्या एकाखाली एक येतात. आणि आण्णांची नावं टॅलीतल्या उपनावाच्या रकान्यात, अलायसमध्ये, मराठीत भरली. बिलावर 'हूक ५ इंची लांब' छापून येतं, पण शोधताना 'बगळा' लिहिलं तरी सापडतं. त्या एका रकान्यामुळे आण्णा या कामात मनापासून आले. त्याआधी त्यांना वाटत होतं की आपली भाषा दुकानातून जाणार.

एक्सेलने मात्र रडवलं. मापाच्या रकान्यात १/२ टाईप केलं की तिथे १ फेब्रुवारी, ३/४ लिहिलं की ३ एप्रिल. दोनशे वस्तू झाल्यावर ते लक्षात आलं. नंतर रकाना टेक्स्ट केला तर पंचेचाळीस हजारांच्या घरातले आकडे दिसायला लागले, कारण आतून तारखेचा तो आकडाच साठवलेला असतो. उपाय साधा आहे: लिहायला सुरुवात करण्याआधी अख्खा रकाना निवडून 'टेक्स्ट' करायचा. बँकेच्या खाते क्रमांकांनाही हेच करा. एक्सेल आकड्यातले पहिले पंधरा अंकच नीट ठेवतं, सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो, आणि ते दिसतही नाही.

एकक हा दुसरा घोळ. खिळे किलोवर, कड्या डझनावर, स्क्रू ग्रोसवर म्हणजे १४४ नगांवर, आणि नटबोल्ट आम्ही घेतो किलोने पण विकतो नगाने. टॅलीत दोन एककं जोडता येतात, पण किलोत किती नग ते आपल्यालाच काढावं लागतं. आम्ही प्रत्येक मापाचे शंभर बोल्ट मोजून वजन केलं आणि त्यावरून गणित बांधलं. यात तीन रविवार गेले. हे टाळू नका, नाहीतर शिल्लक कधीच जुळणार नाही. विवरणपत्रातही एकक ठरलेल्या संक्षेपांतच द्यावं लागतं. एचएसएनचे, म्हणजे जीएसटीसाठी मालाला दिलेल्या सांकेतिक क्रमांकाचे, चार अंक आमच्या उलाढालीला पुरतात: स्क्रू-नटबोल्ट ७३१८, खिळे ७३१७, बिजागऱ्या-कड्या ८३०२, कुलपं ८३०१. सगळ्यांवर १८ टक्के, त्यामुळे तेवढं तरी सोपं गेलं.

९ फेब्रुवारीचा रविवार मी विसरणार नाही. फाइल मी घरी आणि दुकानात पेन ड्राइव्हवरच उघडून काम करायचे. त्या दिवशी तो लावला आणि यंत्राने ओळखलाच नाही. दुकानातल्या यंत्रावर जानेवारीतली जुनी प्रत होती. ३८० वस्तू गेल्या. मी तिथेच बसून रडले. आण्णा काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "माझ्या डोक्यात आहेत अजून. काढ पुन्हा." पुढचे सहा रविवार त्यांनी तेच डबे दुसऱ्यांदा हातात घेतले. वय ब्याऐंशी. तेव्हापासून काम यंत्रावर, प्रत पेन ड्राइव्हवर, आणि रोज रात्री तिसरी प्रत गुगल ड्राइव्हवर. महिन्यातून एकदा ती प्रत उघडूनही बघते, कारण न उघडलेल्या प्रतीचा भरवसा नाही.

३१ मार्च २०२५ ची शिल्लक धरून १ एप्रिलला टॅलीतून पहिलं बिल काढलं. यादीत १,१४६ वस्तू होत्या. पहिले दहा दिवस हाताचं बिलबुकही शेजारी ठेवलं. रोज संध्याकाळी दोन्ही बेरजा ताडून बघायचे. गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकं खोळंबली, दोघं-तिघं चिडून गेले. नवं काही सुरू करायचं तर सणाच्या तोंडावर करू नका. एप्रिलचं विवरणपत्र हिशेबनिसांकडेच भरलं, पण या वेळी नवे हिशेबनीस, आणि भरण्याआधीची यादी मी स्वतः वाचली. एक क्रमांक चुकलेला सापडला, माझ्याकडूनच चुकलेला, तो तिथल्या तिथे दुरुस्त झाला.

१४ मे रोजी दुपारी मीच त्या कंत्राटदारांना फोन केला आणि टू-बी बघायला सांगितलं. ते म्हणाले, "दिसतंय वहिनी, पाचही बिलं आहेत."

माळ्यावरचे सुमारे दीडशे डबे अजून यादीत यायचे आहेत. ते फार जुने, काहींची मापं आता बाजारात मिळत नाहीत. पाऊस सुरू झाला की गिऱ्हाईक कमी होतं, तेव्हा जून-जुलैचे रविवार त्यांच्यासाठी ठेवले आहेत.